हळद लागल्यानंतरचं मेण

कोलशेतच्या आवडाबाईला कुणी नवऱ्या रंगवणारी म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. "रंगवायचा तो गनपती," ती म्हणायची, "मी पोरीचं तोंड पोरीला परत देतंय." आणि ते काही खोटं नव्हतं. मिठागरावर राबणाऱ्या पोरींचे हाल ज्यांनी पाहिलेत त्यांना कळेल. वरून ऊन, खालून मिठाची तिरीप. चौदा वर्षांची पोर, पण गालांची सालं निघालेली, ओठ फुटलेले, भुवईवर कुठे फावडं लागल्याची खूण. त्यात लग्न ठरायचं. मग पोरीची आई संध्याकाळची आवडाबाईच्या दारात येऊन हळूच म्हणायची, "बाय, तेवढं आमचं बघ की गो."

येऊरच्या डोंगरातून कातकरणी मेण घेऊन उतरायच्या. आवडाबाई सुके बोंबील देऊन ते घ्यायची. मेण खोबरेलात मंद विस्तवावर वितळवायचं, त्यात वस्त्रगाळ तांदळाची पिठी, जरासा गेरू, जराशी हळद. रंग जुळला की नाही ते कानामागे लावून बघायचं. गालावर नाही. गाल उन्हानं बिघडलेला असतो, कानामागची कातडी मात्र जन्माची असते. मग गरम मेण बोटाच्या टोकावर घेऊन खळगा भरायचा. टेकवायचं, घासायचं नाही. वरून पिठीचा कोरडा हात. असं तोंड होमाच्या धुरात टिकायचं, घामात टिकायचं, नवरा-नवरी होडीतून उतरून सासरच्या देवाच्या पाया पडेपर्यंत टिकायचं. "काय नटवलीय!" असं कुणी म्हणालं की आवडाबाई दिवसभर घुम्यासारखी बसायची. "पोर मुळातच देखणी हाय" असं वरपक्षाच्या बायांनी म्हणावं, ही तिची कमाई.

एवढं ते कसब, पण स्वतःच्या पोटच्या पोरीच्या वेळेला बघा काय झालं.

मालन तिची एकुलती एक. डोंबिवलीकडच्या खाडीकाठच्या राघोशी तिची सोयरीक लहानपणीच ठरलेली. आगगाडी ठाण्यावरून कल्याणला धावायला लागून तीसेक वर्षं झाली होती, पण आगरी माणसाची सोयरीक अजून होडीनंच जायची-यायची. पुढे एका उन्हाळ्यात गावात देवी आल्या. त्याआधीच सरकारी टोचणारा येऊन गेला होता. मालनचा बाप भिवा, त्यानं पोरीला मिठाच्या कोठारात दडवून ठेवलं, म्हणे सुई टोचली की देवीचा कोप होतो. कोप व्हायचा तो झालाच. मालन वाचली. तोंडाची मात्र चाळण झाली.

वरपक्षाच्या कानावर गेलंच. राघोच्या बापानं, गुणाजीनं, निरोप धाडला, पोरीच्या तोंडावर वण फार नाहीत ना? भिवानं छाती पुढे काढून सांगितलं, "वण? कसले वण? दोन ठिपके हायत, ते बी जातील!" घ्या! एकदा थाप मारली की ती निस्तरायची कुणी? बायकोनं. तो घरी येऊन म्हणाला, "तू हायस ना? सगल्या गावच्या पोरी तरतात तुझ्या हातानं, आपली नाय तरनार?" आवडाबाईनं त्याला चार शिव्या हासडल्या, पण मनातून तिला खात्री होती. माझा हात आहे तोवर माझ्या पोरीचं तोंड झाकलं जाईल. दोन दिवस झाकलं की अक्षता पडतील, पोर सासरच्या देवाच्या पाया पडेल. देवाच्या पाया पडलेल्या सुनेला कोण परत पाठवतो? आणि मग मालन आपल्या कामानं घर जिंकेल. शेजारच्या गावात अंतरपाट निघाल्यावर वऱ्हाड उठून गेलेलं तिनं पाहिलं होतं. ती पोर अजून बापाच्या घरी चुलीपाशी बसलेली होती, कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. आवडाबाईला रात्रंदिवस तीच दिसायची.

आणि लग्नाला दीड महिना उरला असताना भिवा तापानं गेला.

आवडाबाईच्या बांगड्या फुटल्या, कपाळ पुसलं गेलं. तेराव्याला भावकी बसली. घरात मयत झालं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी रीत. तीन वर्षं थांबलं तर वरपक्ष कधी ना कधी येऊन मालनला बघणारच. म्हणून ठरल्या दिवशीच उरकायचं ठरलं. आवडाबाई कोपऱ्यात बसून मान डोलवत होती. आपण कशाला मान डोलवतोय हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. कळलं ते लग्नाचे धवळे गाणाऱ्या धवलारणीनं उठताना सांगितलं तेव्हा.

"आवडे, आता तुझा हात हळदीला लागायचा नाय हां. हळद लागली की पोरीला शिवायचं नाय. तिच्या कुकवाचा प्रश्न हाय."

आता यातला पेच समजून घ्या. हळद अंगाला घासघासून लावतात. आधी मेण भरलं तर ते हळदीच्या हातांनी निघून जाणार. आणि हळद लागली की कातडीचा रंगच बदलतो, मेणाचा रंग त्याला जुळवावा लागतो. म्हणजे काम हळदीनंतरच करायचं, आणि हळदीनंतर आवडाबाईनं पोरीला शिवायचं नाही. चोरून करावं, तर हळदीच्या नवरीला पोरीबाळी क्षणभर एकटी सोडत नाहीत. आणि खरं सांगू का, चोरून करायची सोय असती तरी तिचा धीर झाला नसता. उद्या राघोला काही झालं तर? तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आपला हात आता वाईट झालाय असं तिलाही वाटायला लागलं होतं. चुलीपाशी बसून ती स्वतःच्या बोटांकडे बघायची आणि तिला रडू फुटायचं.

उरली तिची थोरली जाऊ, हौसाबाई. सवाष्ण, प्रेमळ, पण हात कसला, नुसतं फावडं! भाकरी थापली तर परातीला भोक पडेल. आवडाबाईनं तिला महिनाभर शिकवलं. स्वतःच्या मांडीवर बिब्ब्यानं चट्टा पाडून घेतला आणि त्यावर भरायला लावलं. "घासू नको गो जाऊबाय, टेकव!" हौसाबाई घामाघूम व्हायची. "मना नाय जमायचं, आवडे." "जमवायलाच पायजे."

लग्नाच्या दिवशी पहाटे नवरीला न्हाऊ घातलं. पोरींना हौसाबाईनं करवल्यांच्या शिदोरीचं निमित्त काढून बाहेर धाडलं आणि दार लोटून घेतलं. आवडाबाई मागच्या पडवीत कुडाला पाठ लावून बसली. मध्ये शेणानं सारवलेला कूड, पलीकडे तिची पोर. दिसत काही नव्हतं.

"कानामागं लावलंस?" ती कुजबुजली.

"लावलं."

"पिवलं दिसतंय का तांबडं?"

"तांबूस."

"मग हळद टाक. दोन बोटांत मावेल तेवढीच. अगो, जास्त नको!"

"आवडे, मी काय म्हनतंय, लग्नच हाय तर जराशी गोरी करू का? पिठी हाय उरलेली."

"गोरी नको!" आवडाबाई कुडावर हात आपटून म्हणाली. "होती तशी कर. माझी पोर होती तशी कर."

पलीकडे मालननं हुंदका दिला. "रडू नको गं बाय, मेण सुटंल," हौसाबाई म्हणाली आणि आवडाबाईनं पदराचा बोळा स्वतःच्याच तोंडात कोंबला. पोरीच्या डाव्या डोळ्याखाली सगळ्यात खोल वण होता. तिथं पातळ हात हवा होता, दोनदा भरायला हवं होतं. ती सांगत राहिली, हौसाबाई "हो, हो" म्हणत राहिली. केलं की नाही, देव जाणे. आपले दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेत, धडधाकट, आणि ते काही म्हणजे काही उपयोगाचे नाहीत, हे तिला सहन होईना.

लग्न लागलं तेव्हाही ती पडवीतच होती. धवलारणीचा आवाज चढत गेला, थांबला. अंतरपाट निघाला. आता कुणीतरी ओरडेल, आता गुणाजी उठेल. पण टाळ्या झाल्या, ढोल वाजला, आणि कुडाशेजारून वरपक्षाच्या दोन बाया बोलत गेल्या, "देवी आलेल्या म्हनत व्हते, कुठं काय? चांगली नितळ हाय की पोर." आवडाबाईनं जमिनीवर डोकं टेकलं. भिवा असता तर आज त्यानं गावभर मिशीला पीळ दिला असता, असं तिला वाटलं आणि ती हसली आणि रडलीही.

दुपारी भरती लागली. होड्या भरतीबरोबर वर डोंबिवलीकडे निघायच्या, तेव्हा निघायची घाई उडाली. निघणाऱ्या नवरीच्या समोर विधवेनं यायचं नाही, म्हणून आवडाबाई परसात काटेरी कुंपणाच्या आड उभी राहिली होती. लांबून पाठमोरी दिसली तरी पुरे, एवढंच तिच्या मनात. तर कुणाच्या हातातून सुटून मालनच धावत आली. मुंडावळ्या कपाळावरून सरकलेल्या, हिरवा चुडा किणकिणतोय. "आये!"

आवडाबाईनं तिचं तोंड तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हौसाबाईच्या हाताला यश आलं होतं. तिची जुनी मालन समोर उभी होती, देवी यायच्या आधीची. फक्त डाव्या डोळ्याखाली मेणाची कड ओलाव्यानं उचलली गेली होती. पोरीच्या डोळ्यांत पाणी गच्च भरलेलं. अजून एक थेंब, एकदा आईच्या खांद्यावर तोंड दाबलं, की सगळं मेण आवडाबाईच्या लुगड्याला लागणार. आणि पोरीच्या मागोमाग राघोची आई येत होती, तिच्याबरोबर चार बाया.

मालननं दोन्ही हात पसरले.

"लांब हो!" आवडाबाई ओरडली. "शिवू नको मना! लांब हो म्हनतंय ना!" आणि ती मागे सरली, एवढी की तिची पाठ कुंपणाच्या काट्यांना लागली.

मालन जागच्या जागी थांबली. तिचे हात तसेच पसरलेले राहिले आणि मग खाली आले. तिच्या डोळ्यांतलं पाणी कुठं गेलं कोण जाणे. गालावर ते उतरलंच नाही.

राघोची आई पुढे आली. तिनं मालनच्या पाठीवर हात ठेवला आणि आवडाबाईकडे बघून म्हणाली, "बरं केलंत, विहीनबाय. लई शान्या हायत. आमच्या सुनेचं कुकू जपलंत." मग ती मालनला म्हणाली, "चल गं बाय. आई तुझ्या बऱ्यासाठीच बोलली."

आवडाबाईला सांगायचं होतं. पोरीला कानात, एवढंच, की कुकवासाठी नाही गं बाय, तुझ्या तोंडासाठी. पण कान तिथं पाच जणींचे होते.

होड्या गेल्यावर हौसाबाई परत आली, उड्या मारायच्याच काय त्या बाकी होत्या. "आवडे, जिंकलो गो आपन! माझा जीव नुसता वरखाली, म्हटलं होडीत बसताना पोर रडंल आन् सगलं उतरंल. पन काय पोर! एक टिपूस नाय काढलं. बाकीच्या आम्ही रडलो, ती नाय रडली. रंग जसाच्या तसा!"

"मागं बघितलं का तिनं?"

"नाय गो. नीट समोर बघत बसली, शान्यासारखी."

हौसाबाई सांगत राहिली आणि आवडाबाई ऐकत राहिली.