ओळ पुरी करणाऱ्या सिंधुकाकू

आमच्या एम.ए. संगीताच्या वर्गात गुरुपादप्पा पहिल्यांदा आले, तेव्हा नवे सर समजून आम्ही सगळे उभे राहिलो. तेही गोंधळून उभेच. वायरमन म्हणून रिटायर झालेला माणूस नायगावहून एसटीने नांदेडला शिकायला येतो, हे आम्हाला पचायला वेळ लागला. मी तर त्यांना लगेच काका करून टाकलं.

गावच्या भजनी मंडळात काकांनी जन्मभर पुढे बसून गायलेलं. अर्धी ओळ त्यांनी म्हणायची, उरलेली मागच्यांनी धरायची. ही खोड बोलण्यातही उतरलेली. "आज एसटीला लई..." म्हणून ते थांबत, आणि डबा घेऊन सोबत आलेल्या त्यांच्या बायको, सिंधुकाकू, "गर्दी होती" म्हणून मोकळ्या होत.

काकांचा प्रबंध या मंडळाच्या गायकीवरच होता. तोंडी परीक्षेत त्यांना ती गाऊन दाखवायची होती, तीही एकट्याने. सरावात मी पेटीवर असायचे. "काका, ओळ पूर्ण म्हणा," असं मी कितीदा तरी डाफरले.

"म्हणतो की, आरतीबाई," म्हणायचे आणि पुन्हा मध्येच थांबायचे. ते नापास होणार या धास्तीने माझीच झोप उडाली होती.

परीक्षेच्या दिवशी काकांचा आवाज सुरेख लागला. अर्धी ओळ झाली आणि काका थांबले. खोलीत नुसती माझी पेटी वाजत राहिली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबले. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं.

"पुढचं आठवत नाही का?"

 तेवढ्यात दाराबाहेरून उरलेली अर्धी ओळ आली, अगदी सुरात. सिंधुकाकू डबा मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या. मंडळात बायकांना घेत नसत. देवळात बायकांच्या बाजूला बसून ऐकून ऐकून त्यांचं सगळं पाठ झालेलं. काकांनी मागे न बघता पुढची ओळ उचलली, काकूंनी धरली. 

भजन संपल्यावर बाईंनी काकूंना आत बोलावलं आणि काकांना विचारलं, "यांच्याबद्दल प्रबंधात काही लिहिलंय?"

"मंडळातल्या समद्यांचं लिवलंय, मॅडम. हिचं..."

काका थांबले. आम्ही सवयीने काकूंकडे बघितलं. काकू डब्याच्या झाकणाशी चाळा करत गप्प उभ्या राहिल्या.

"हिचं ऱ्हाऊन गेलं," काकाच म्हणाले.

बाईंनी त्यांना पास केलं. मागच्या महिन्यात मी नायगावला गेले होते. देवळात काकू पुढे बसून गात होत्या. काका मागे बसून ओळ धरत होते, जरा उशिरानेच.