चार बोटांचं अंतर

नेवासकर डॉक्टर माणसाचं तोंड सर्वांत शेवटी बघत. रविवार कारंज्यावर कोणी नमस्कार केला की त्यांची नजर आधी पायांवर जाई, तिथून सावकाश वर चढे आणि मग, "अरे, तात्या होय!" निम्मं नाशिक ते गुडघ्याखालून ओळखत. त्यांचे स्वतःचे पाय मात्र असे बाहेर वाकलेले की मधून तांब्या आरपार जावा. मुलांची वाकडी हाडं सरळ करणारा सर्जन स्वतः डुलत डुलत चालतो, ही गोष्ट गावाला फार आवडे. "माझ्या लहानपणी मी नव्हतो ना!" असं ते म्हणत.

मी आठ वर्षांची असताना नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला त्यांच्याकडे नेलं. माझं दुखणं त्यांच्या उलट होतं. गुडघे एकमेकांवर घासत आणि घोटे लांब राहत. धावायला लागले की स्वतःच्याच पायात अडखळून पडे. नाना कचेरीत कारकून. तिथे अर्ज वर्षभर पडून राहिलेले त्यांना चालत, इथे मात्र निकाल त्याच दिवशी हवा होता.

"आजच कापून सरळ करा, डॉक्टर. उद्या मुलगी दाखवायची आहे."

"उद्या?" डॉक्टर म्हणाले. "अहो नानासाहेब, सुताराचं लाकूड एकदा कापलं की कापलेलं राहतं. माझं लाकूड वाढतं. कधी कधी आपलं आपण सरळही होतं. थोडी वाट बघू."

मग त्यांनी फरशीवर मोठा तपकिरी कागद पसरला, मला त्यावर उताणं निजवलं, गुडघे जुळवले आणि निळ्या पेन्सिलीनं पायांच्या कडेनं रेघ ओढली. दोन घोट्यांमध्ये त्यांची चार बोटं बसली. दर सहा महिन्यांनी यायचं. अंतर कमी झालं तर सुटका, वाढलं तर पटाशी. हाड कापायच्या हत्याराला ते सुतारासारखं पटाशीच म्हणत.

तो शब्द ऐकून आईची झोप उडाली. तिचा धाकटा भाऊ इस्पितळात गेला तो परत आला नव्हता. पुढच्या खेपेला नानांना घरी ठेवून ती स्वतः आली आणि मुलीची जात म्हणून माझ्या गुडघ्यांवर तिनं पंचा टाकला. डॉक्टर मर्यादशील, पंच्याला त्यांनी हात लावला नाही. आणि पंच्याखाली मी, आईनं घरी आठवडाभर गिरवून घेतल्याप्रमाणे, उजवा गुडघा हळूच डाव्यावर चढवला. घोटे जवळ आले. तीन बोटं! त्यापुढच्या खेपेला दोन, मग एक.

डॉक्टर हरखून गेले. माझे कागद दवाखान्याच्या भिंतीवर लागले. घाई करणाऱ्या आईबापांना ते तिथे नेऊन उभं करत. "बघा, पटाशीला हातसुद्धा न लावता!" ती बरी झालेली मुलगी तेव्हा घरचा जिना कठडा धरून उतरत होती.

एका सकाळी आमच्या नाशिकच्या गंगेवर परकर खोचून मी पाण्यातून चालले होते. मागून हाक आली, "ए मुली, कोणाची गं तू? वडिलांना सांग, नेवासकर डॉक्टरांनी ताबडतोब बोलावलंय!"

मी वळले. त्यांची नजर पायांवरून सावकाश वर आली आणि तोंडापाशी थांबली. "वेणू?" एवढंच म्हणाले आणि छत्री बाजूला ठेवून पायरीवर बसले. मला तेव्हा हसू आलं. आज आठवलं की लाज वाटते.

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. मला ओटीवर चार वेळा चालायला लावलं, मग गुडघे जुळवून घोट्यांमध्ये बोटं धरली. आई दाराआड होती.

"वहिनी, माझं दीड वर्ष चोरलंत तुम्ही. पण मोठा गाढव मीच. निजलेले पाय मोजत बसलो, पोरीला एकदा चालवून बघितलं नाही. आता सहा बोटं आहेत. आणखी थांबलो तर ही जन्मभर कठडा शोधत फिरेल."

"आणि टेबलावरून उठलीच नाही तर?" आईनं विचारलं.

"काहीतरी अभद्र बोलू नकोस," नाना म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना हातानं थांबवलं. "बरोबर विचारताहेत त्या. उठेलच, असं मी लिहून देऊ शकत नाही, वहिनी. तुम्ही आत येऊन उभ्या राहा. मी काय करतो ते डोळ्यांनी बघा."

क्लोरोफॉर्मचा वास आणि आईच्या हातातली माळ, एवढंच मला आठवतं. दोन्ही मांड्यांची हाडं गुडघ्यांच्या जरा वर कापून सरळ बसवली. आई शेवटपर्यंत उभी होती. घेरी आली ती नानांना, बाहेरच्या बाकावर. मग कमरेपासून बोटांपर्यंत प्लास्टर, कित्येक आठवडे. पुढे काठी सुटली त्या दिवशी मी सवयीनं कागदाकडे गेले, तर डॉक्टर ओरडले, "कागद नको! चाल!"

भिंतीवरचे कागद त्यांनी काढले नाहीत. खाली निळ्या पेन्सिलीनं लिहिलं, 'इथे मी फसलो.' आईबापांना ते तेही दाखवत.

बऱ्याच वर्षांनी मी माहेरी आले तेव्हा डॉक्टर अंथरुणाला खिळले होते. नजर अधू झाली होती. तोंडं ओळखू येत नसत; ती पूर्वी तरी कुठे येत होती! मी नाव न सांगता समोर उभी राहिले.

"खिडकीपर्यंत चाल," ते म्हणाले.

मी जाऊन परत आले.

"वेणू." त्यांचा चेहरा उजळला. "आईला सांग, ते दीड वर्ष माफ केलं."

आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

"सांगते," मी म्हटलं, आणि त्यांनी न सांगताच पुन्हा एकदा खिडकीपर्यंत चालून दाखवलं.