कटल्याच्या चोरट्या पिशव्या

"साहेब, इथी मासोळ्या मरून राह्यल्या, अन् तुमी बाटल्या भरून राह्यले!" मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष मारोतीभाऊ काठावरून माझ्यावर ओरडले.

पोंभुर्ण्याकडचा तो तलाव इतका हिरवा झाला होता की त्यातून बाहेर आलेली म्हैस मालकाने ओळखलीच नाही, बिचारी बांधावर चार तास बेवारस उभी होती. रात्रभर शेवाळ पाण्यातला ऑक्सिजन खाई, पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकत. आठवडाभर असंच चाललं असतं, तर चोवीस घरांची वर्षाची मासेमारी काठावर सडली असती.

फोनवर आमच्या मत्स्य खात्याचे साहेब म्हणाले, "मोरचूद टाका, शेवाळ मरेल. विषय क्लोज."

"सर, शेवाळ एकदम मेलं की सडेल, उरलेला ऑक्सिजनही जाईल. दोन दिवस द्या."

"एक."

मी प्लँक्टन नेट, म्हणजे मलमलीहून बारीक जाळी, पाण्यातून ओढली. मायक्रोस्कोपखाली नुसतं शेवाळ. झूप्लँक्टन औषधालाही नाही. हे कणाएवढे जीव म्हणजे तलावातली गुरं आणि शेवाळ त्यांचा चारा. इथे चारा माजलेला, गुरं गायब. ही गुरं फस्त करतो कटला मासा. पण कागदावर तलावात सोडलेलं कटल्याचं बीज, म्हणजे पिल्लं, बेताचंच होतं.

"जास्तीचं बीज कोणी सोडलं?"

सगळे आभाळ बघू लागले.

मी मायक्रोस्कोप थोपटला. "हरकत नाही. बीज सोडणाऱ्याच्या बोटाचा ठसा खवल्यावर राहतो. या मशीनमध्ये दिसतो." सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतकं शुद्ध खोटं मी फक्त टी.ए. बिलातच लिहिलं होतं.

सभासद सुमनबाई आधी फुटल्या. "मी एकच पिशवी सोडली जी! एकीनं का होते?"

"मीबी एकच," मागून आवाज आला. मग घरागणिक एकच.

"अन् अध्यक्ष?" सुमनबाईंनी पदर खोचला. "बोला ना भाऊ, आता काऊन गप?"

मारोतीभाऊ खाकरले. "माह्या दोन. अन् शेणाच्या चार बंड्या."

पाणी पिकवायला थोडं शेण टाकायची इथली रीतच आहे. पण शेणाने भरलेल्या बैलबंड्याही प्रत्येकाने गुपचूप ओतल्या होत्या. शेणाने शेवाळाला खत मिळालं, कटल्याने गुरं संपवली.

दुसऱ्या दिवशी जाळं लागलं. निम्मा कटला गोंडपिपरीच्या बाजारात गेला, शेण बंद झालं. तीन आठवड्यांनी पाण्यात घातलेला हात कोपरापर्यंत दिसला आणि नेटमध्ये झूप्लँक्टन उड्या मारत होतं. मोरचूद गोदामातच राहिलं.

आता कुठलीही सोसायटी बीजाचा आकडा सांगते, तो मी सरळ दोनाने गुणतो. अध्यक्ष स्वतः सांगत असतील तर तिनाने.