डब्यावर लिहिलं होतं, बर्फ नको

"मॅडम, पेशी पुन्हा मेल्यात." हैदराबादच्या लॅबमधून फोन आला आणि मी कपाळावर हात मारला. दुसऱ्यांदा!

परभणीत लॅब टेक्निशियन म्हणून मी बावीस वर्षं रक्त काढते. हे रक्त राणीसावरगावच्या नऊ वर्षांच्या गौरीचं. तिला कांजिण्या दोनदा झालेल्या, दुसऱ्यांदा तर जिवावर बेतलेलं. आता डोळ्याजवळ नागीण. डॉक्टरांना शंका होती, की तिच्या एनके पेशी कामचुकार असाव्यात. या पेशी म्हणजे रक्तातले पहारेकरी. शरीराच्या ज्या पेशीत व्हायरस घुसला, तिला त्या लगेच मारून टाकतात. बाकीची फौज तयार व्हायला दिवस लागतात, तोवर खिंड याच लढवतात. निदान झाल्याशिवाय पुढचे उपचार ठरेनात, आणि पोरीचा डोळा दुखतच होता.

या पेशी काम करतात का, हे पाहणारी टेस्ट हैदराबादला होते, आणि तिला पेशी जिवंत लागतात. गारठल्या की कामातून गेल्या. म्हणून पहिल्या वेळी रक्ताच्या डब्यावर मी लाल पेनानं लिहिलं, 'बर्फ नको'. कुरियरवाल्यानं ते वाचलं आणि बर्फ घातला. "रक्त म्हणल्यावर बर्फ लागतोच की मॅडम! मला वाटलं, गडबडीत चुकून लिहिलंय." बाकीची सगळी सॅम्पलं तो बर्फातच नेतो. त्याला तरी काय बोलणार?

दुसऱ्या वेळी गौरीचे वडील, नागनाथअप्पा, स्वतः रेल्वेनं डबा घेऊन निघाले. पूर्णा स्टेशनपर्यंत सगळं ठीक. मग बोगीत कळलं, की यांच्या मांडीवर लेकराचं रक्त आहे. मे महिना! कुणी रसवाल्याकडून बर्फ आणला, कुणी ओला टॉवेल दिला. अप्पा "नको, नको" म्हणत राहिले. त्यांचा डोळा लागला तशी एका मावशीनं डबा पार बर्फात पुरला. "लय ऊन हाय बाबा, नासंल की!"

"आता तुम्हीच जा," आमच्या लॅबचे सर मला म्हणाले. "एसीचं तिकीट काढा. डबा हातातून सोडायचा नाही." मी डब्यात ठेवायला थर्मामीटर शोधायला लागले.

अप्पा कोपऱ्यात बसून ऐकत होते. भीत भीत म्हणाले, "मॅडम, एक इचारू का? पोरीलाच नेलं तर न्हाई का चालणार?"

माझा थर्मामीटरचा शोध तिथंच थांबला. आमच्याकडे पेशंट घरी राहतो आणि रक्त फिरतं. उलटं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टरांना फोन लावला, तर ते म्हणाले, "मग न्या की तिलाच!"

गौरी खिडकीशी बसून हैदराबादला गेली. वाटेत तिनं बर्फाचा गोळा खाल्ला, पेशींना काही झालं नाही. तिथंच रक्त काढून टेस्ट झाली, आणि शंका खरी निघाली. व्हायरस रोखणारं औषध रोजचं ठरलं, डोळा वाचला.

पेशी जिवंत ठेवणारा सगळ्यात चांगला डबा म्हणजे माणूस. हे मला एका बापानं शिकवलं, तेही त्याच्या पोरीला मी दोनदा सुई टोचल्यावर.