सुझाना घंटा आणि माझा विद्वान भाऊ

माझा धाकटा भाऊ लेबरेख्ट तोफखान्यात मेजर होता आणि विद्वान होता. या दोन्ही गोष्टी तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे गावाला त्या विसरायची सोय नव्हती.

लहानपणी तो चमच्याने वाटाणे उडवायचा आणि कुठला वाटाणा किती लांब पडला ते भिंतीवर खडूने लिहायचा. वाटाणे वेचायचे मी आणि भिंत पुसायची आईने. मोठेपणी चमच्याच्या जागी तोफ आली, एवढाच फरक. तीही लांबूनच. लढाई पेटली, की याची नेमणूक बरोबर दारूगोळ्याच्या कोठारावर व्हायची. सगळी नोकरी संपली तरी शत्रूवर एक गोळा म्हणून त्याने डागला नव्हता, आणि तो कसा डागावा यावर मात्र उशाला घेता येईल एवढं जाड पुस्तक लिहिलं. तेही फ्रेंचमध्ये! आमच्या ब्राखेनबर्गात सगळे जर्मन बोलणारे, पाद्रीबाबा सोडले तर ते कुणाला वाचता येत नव्हतं. पाद्रीबाबांना पहिल्याच प्रकरणात झोप लागली.

पेन्शन घेऊन तो माझ्याकडे राहायला आला. मी विधवा, घर मोठं, म्हटलं सोबत होईल. सोबत कसली! रोज जेवताना पुस्तकातलं घंटांचं प्रकरण ऐकावं लागायचं. जुना रिवाज असा, की गावाने तोफ डागून विरोध केला आणि मग गाव पडलं, तर चर्चच्या घंटा जिंकणाऱ्या तोफखान्याच्या. त्या वितळवून ते नव्या तोफा ओतणार. गावाने एकही गोळा न उडवता दार उघडलं, तर घंटांना कुणी हात लावायचा नाही. हा रिवाज आता रानटी आहे, सोडून द्यावा, असं बरेच अधिकारी म्हणू लागले होते. लेबरेख्टने जुनी दप्तरं उकरून तो कसा अढळ आहे ते सिद्ध केलं. कुणी विचारलं होतं का याला?

आमच्या चर्चला एकच घंटा, सुझाना. आगीत जुनी घंटा गेली, तेव्हा गावातल्या बायकांनी तांब्याची भांडी देऊन ही ओतून घेतली होती. आमच्या आईने लग्नातली मोठी कढई दिली. कुणी गेलं की सुझाना वाजायची आणि माणसं हातातलं काम टाकून त्या घराकडे निघायची. आई गेली तेव्हा ती वाजली, आणि आई आपल्याच कढईच्या आवाजात निघाली असं वाटून मी ढसाढसा रडले. लेबरेख्ट तेव्हा आवाज किती लांब जातो याचा हिशोब करत होता.

मग फ्रेंच आले. आमच्या तटावर तीन म्हाताऱ्या तोफा, त्यांच्यात चिमण्यांची घरटी. नगराध्यक्ष टिलमन स्वतः आमच्या घरी आले.

"मेजरसाहेब, हात जोडतो. उद्या दार उघडायचं ठरलंय. तुम्ही फक्त घरी बसा."

"एकही गोळा न सोडता?" लेबरेख्ट म्हणाला. "टिलमन, ही शरणागती नाही, ही बेअब्रू आहे. चौथं प्रकरण वाचा."

"मला वाचता येत नाही हो ते!"

"मग शिका."

सकाळी मी दूध तापवत होते, तर धडाम! हा पठ्ठ्या तटावर जाऊन गोळा उडवून बसला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गोळा फ्रेंचांपर्यंत पोचलाच नाही. गिरणीवाल्याच्या सलगमाच्या शेतात पडला. तिकडून उत्तर आलं त्यात दोन घरांची धुराडी कोसळली, आणि दुपारी टिलमननी पांढरं फडकं वर केलं.

फ्रेंचांच्या तोफखान्याचा प्रमुख होता कप्तान लोर्मेल, हसतमुख माणूस. चौकात येऊन त्याने विचारलं, "ते पुस्तक लिहिणारे मेजर इथलेच ना?" लेबरेख्ट पुढे झाला. कप्तानाने टोपी काढून लवून मुजरा केला. जन्मभर याला एक वाचक हवा होता. मिळाला तो शत्रूकडचा.

"साहेब, तुमच्या पुस्तकाप्रमाणे घंटा माझी," कप्तान म्हणाला. "पण खरं सांगू? ती ओढायला माझ्याकडे बैल नाहीत. आमचे सेनापती तुमचं पुस्तक प्रमाण मानतात, म्हणून अडलंय. तुम्ही इथे चारचौघांत म्हणा, की त्या प्रकरणात चूक झाली. मी तसं कळवतो, घंटा राहू दे."

पाद्रीबाबांनी ते आम्हाला समजावून सांगितलं, आणि अख्खा चौक लेबरेख्टकडे बघू लागला. मी त्याची बाही धरली.

"अरे, म्हण ना! एवढं एक वाक्य! आईची कढई आहे रे त्यात!"

"ताई, तुला यातलं कळत नाही."

"मला घंटा कळते!"

त्याने बाही सोडवून घेतली. "चूक नाही," तो कप्तानाला म्हणाला. "उलट एक दाखला कमी पडत होता. तो आज मिळाला."

कप्तानाचं हसू मावळलं. बैल शेवटी आमच्याच गावचे जुंपले. सुझाना खाली उतरवताना बायका रडत होत्या आणि माझा भाऊ तिचा घेर मोजत होता. त्या दिवशी मी त्याच्या तोंडावर थुंकले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या आवृत्तीत ब्राखेनबर्गचा दाखला छापून आला. गावात त्याला कुणी रामराम करेना. त्याला वाटायचं, लोक विद्वत्तेला दबून आहेत. सुंभ जळला तरी पीळ कायम. त्याचं जेवणखाण मी केलं, कारण आईने शेवटी त्याला माझ्या ओटीत टाकलं होतं. नाहीतर केव्हाच दार दाखवलं असतं.

परवाच्या हिवाळ्यात तो गेला. आदल्या दिवशी छातीत घरघर लागली होती, तरी माझा हात धरून म्हणाला, "ताई, घंटा वाजवतील ना गं माझ्यासाठी?"

उत्तर माझ्या ओठांवर इतकी वर्षं तयार होतं. पण तोंड उघडलं आणि म्हणाले, "वाजवतील. झोप तू."

घंटा गेल्यापासून चर्चचा राखणदार येर्ग दारोदार जाऊन कुणी गेल्याचं सांगायचा. लेबरेख्ट गेला त्या दिवशी मी येर्गकडे गेले, तर म्हणाला, "गुडघे फार दुखतायत, बाई." मीही आग्रह केला नाही. दफनाला पाद्रीबाबा, मी आणि खड्डा खणणारे, एवढेच होतो. सोमवारी मी भट्टीवर गेले आणि दोनाऐवजी एकच पाव मागितला, तेव्हा गावाला कळलं.