बिल्ल्यावरचं नाव

सफरचंदाला अंगठा लावायचा नाही, हे मी माझ्या विभागात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. तळवा खाली घालायचा आणि अलगद उचलायचं. अंगठ्याचा दाब आज दिसत नाही. एक-दोन दिवसांनी तिथे तपकिरी डाग पडतो आणि तोवर फळ कुणाच्या तरी घरी पोचलेलं असतं. मग ते गिऱ्हाईक पिशवी घेऊन परत येतं आणि शांतपणे विचारतं, "हे विकता, का टाकायला आमच्याकडे देता?"

मी या सुपरमार्केटात फळं-भाजी विभाग सांभाळते. बी.कॉम. आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारता सांगते. वडील मार्केट यार्डात हमाल होते. सफरचंदाच्या पेट्या त्यांनी पाठीवर वाहिल्या, मी त्या उघडून मांडते. त्यांच्या सदऱ्यावर बिल्ला असायचा, त्यावर नंबर. यार्डात हाक त्या नंबरानंच. मला नोकरी लागली तेव्हा माझा बिल्ला त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला. त्यावर माझं नाव होतं, आडनावासकट. "आता तुला कुणी ए म्हणणार न्हाई," एवढंच म्हणाले. मी शिकले म्हणून नंबराचं नाव झालं, असं मी तेव्हापासून धरून चालले होते.

आमच्याकडे मागच्या पॅकिंगच्या खोलीत एक बाई होत्या. सगळे त्यांना आपा म्हणायचे. पेठेतल्या जुन्या मुसलमान घरातल्या. मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ, कारण माझं अजून कधीमधी घसरतं. ती खोली थंडगार असते. दिवसभर तिथे उभं राहून त्यांचे गुडघे धरायचे, बोटं सुजायची. बाहेर विक्रीला घ्या, असं त्या बरेच दिवस म्हणत होत्या. गेल्या नवरात्रात जागा निघाली. सफरचंदाच्या फोडी कापून गिऱ्हाइकांना चवीला द्यायचं टेबल होतं. दसऱ्यापर्यंत नीट झालं तर त्या कायमच्या बाहेर, असं मॅनेजर साहेबांनी कबूल केलं होतं.

नवरात्रात सफरचंदाला जेवढी मागणी असते तेवढी एरवी नसते. आम्ही दारासमोरच मांडणी केली. लाल बाजू पुढे, देठ वर, जुना माल वरच्या ओळीत. केळी लांब ठेवली, कारण केळ्यांशेजारी सफरचंद लवकर भुसभुशीत होतं. वर पाटी, 'उपवासासाठी खास'. शेजारी आपांचं टेबल. पहिल्या दिवशी त्या नवीन बांगड्या घालून आल्या होत्या.

"मॅडम, कुणी फोड घेतलीच नाही तर?"

"फुकट आहे आपा. पुण्यात आहोत आपण."

त्या हसल्या आणि खरंच रांग लागली. त्यांचा हात चांगला चालायचा. फोडी एकसारख्या, साल न सोलता. कापलेलं सफरचंद लगेच काळं पडतं, म्हणून मी त्यांना मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायला सांगितलं होतं. आमच्या घरी माझ्या डब्यातल्या फोडी आई तशाच ठेवायची. उपवासाच्या खिचडीतही आमच्याकडे रोजच्याच बरणीतलं मीठ पडतं. त्यामुळे पाटीवर 'उपवास' आणि खाली मिठाचं पाणी, यात काही विचित्र आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. आपांच्या तर येण्याचं कारणच नव्हतं.

सहाव्या माळेला संध्याकाळी नेहमीच्या एक काकू आल्या. त्यांनी फोड घेतली, चावली आणि थांबल्या.

"मीठ लावलंय का हो याला?"

"हो काकू, पाण्यात थोडंसं. काळं पडू नये म्हणून," आपा म्हणाल्या.

काकूंनी फोड रुमालात काढली. चेहरा उतरला होता. "माझे नऊ दिवस अळणी असतात. सुनेचे दिवस भरत आलेत, म्हणून बोलले होते देवीला."

आपांनी कपाळाला हात लावला. "माफ करा काकू. मला खरंच ठाऊक नव्हतं."

"तुमचं काय चुकलं त्यात? मीच विचारून खायला हवं होतं." काकू टेबलाला धरून उभ्या राहिल्या. मी धावत गेले, मीठ माझ्या सांगण्यावरून घातलंय असं म्हणाले, पाणी दिलं. त्या मान हलवत होत्या, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. घरी जाऊन काय सांगायचं, हेच त्यांच्या मनात चाललं असावं.

त्यांच्या मागे टोपलीत दही घेऊन एक गृहस्थ उभे होते. त्यांनी आपांच्या बिल्ल्याकडे वाकून पाहिलं. नाव वाचलं.

"अच्छा. म्हणून," ते म्हणाले.

दोनच शब्द. मग त्यांनी मोबाईल काढला, बिल्ल्याचा फोटो घेतला आणि दह्याचे पैसे द्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. तो फोटो आसपासच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत होता. खाली काय लिहिलं होतं ते त्यांनी दाखवलं नाही आणि मी मागितलं नाही.

"मिठाचं मी सांगितलं होतं, साहेब. मी तसं लिहून देते."

"मॅडम, तुम्ही सांगितलं हे मला माहीत आहे. पण तुमचं नाव कोण विचारतंय?"

"मग त्यांनी मागे का जायचं?"

"दसरा होऊ द्या. मी माणूस वाईट नाही हो. मला दुकान चालवायचंय."

मी वाद घातला, आवाजही चढवला. उपयोग झाला नाही. बाहेर येऊन पाहते तर टेबल पुसलेलं, सुरी धुऊन पालथी ठेवलेली. आपांना कुणी काही सांगायच्या आत त्या पॅकिंगमध्ये जाऊन बसल्या होत्या. उरलेल्या माळा टेबलावर मी उभी राहिले. मीठ नाही, लिंबू नाही, काहीच लावलं नाही. फोडी काळ्या पडायच्या आणि त्या कुणी उचलत नव्हतं.

दसऱ्यानंतर मी साहेबांना कबूल केलेल्या गोष्टीची आठवण करून दिली. ते हो म्हणाले. मी आनंदानं मागच्या खोलीत गेले. आपा पपईला कागद गुंडाळत होत्या.

"चला आपा. उद्यापासून बाहेर."

त्यांनी हातातली पपई पुरी गुंडाळली. "येते. पण मॅडम, बिल्ला न लावता चालेल का?"

बिल्ल्याशिवाय दुकानात उभं राहायचं नाही, हा नियम होता. नियम आहे म्हणाले असते तर त्या मागेच राहिल्या असत्या, त्या थंडीत. त्यांचे गुडघे मला दिसत होते. एकट्या त्यांचाच बिल्ला काढला तर गिऱ्हाईक आणखी निरखून पाहणार. मी साहेबांकडे गेले आणि म्हणाले, आमच्या विभागात कुणाच्याच बिल्ल्यावर नाव नको, नुसतं 'फळे व भाजी' असू दे. ते लगेच हो म्हणाले. साधा हातमोज्यांचा जोड मागितला तरी आम्हाला महिनोन् महिने वाट पाहावी लागते. हे बिल्ले चार दिवसांत आले.

आपा आता बाहेर असतात. सफरचंदं त्याच मांडतात, त्यांच्या हातून डाग पडत नाही. काकू एकदा येऊन गेल्या, नातीचे पेढे देऊन. तो दिवस चांगला होता. पण दुपारी एखादं गिऱ्हाईक रेंगाळलं की आपांचा हात छातीपाशी जातो, तिथे काय लिहिलंय ते चाचपून बघायला.

सुट्टीच्या दिवशी माझा गणवेश दोरीवर वाळत होता. बिल्ला काढायचा राहिला होता. वडील जवळ गेले, चष्मा वर सरकवून वाचलं.

"नाव कुठं गेलं गं?"

मी सांगितलं, आता सगळ्यांचे असेच असतात.

त्यांनी बिल्ला उलटा करून मागची बाजू पाहिली. मग विचारलं, "नंबर तरी हाय का?"