न वाचलेला शेवट

माझ्या मोठ्या बहिणीला घरात सगळे थोरली म्हणतात. वैतागला की तिचा नवरासुद्धा. ती कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर जबड्याचं माप पाठवतात, ही त्यावरून साचा ओतते, मेणात दात बसवते आणि शेवटी कवळी घासूनपुसून डबीत घालून परत पाठवते. बाजारामागच्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हे काम चालतं. जिन्यापासूनच पायाला प्लास्टरची पांढरी भुकटी लागते. माणसं तिकडं सहसा फिरकत नाहीत, त्यांचे दात तेवढे येऊन जातात.

वाचनाचा नाद तिला शाळेपासून. आई म्हणायची, हिच्या हातात पुस्तक दिलं की घरात एक खुर्ची वाढते; काही विचारा, हलायची नाही. लग्नानंतरही नाद सुटला नाही. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांना पुस्तकांचं वावडं, पण बायको वाचत बसली की घर शांत असतं, एवढं त्यांना पुरे होतं.

एका वर्षअखेरीला तिनं सहज म्हणून फोनवरच्या आपल्या खात्यावर, वर्षभरात आवडलेल्या पुस्तकांबद्दल थोडं लिहिलं. सोबत फोटो टाकला. कामाच्या खोलीतल्या खिडकीत पुस्तकांची चळत आणि तिच्यावर दाबाला ठेवलेला प्लास्टरचा जबडा. पुस्तकांपेक्षा जबडाच लोकांना जास्त आवडला असावा. पुढच्या वर्षी लोक आधीपासूनच विचारू लागले, यंदाची आवडती पुस्तकं कधी सांगताय? मग ओळख ना पाळख अशी हजारो माणसं जमली. प्रकाशक पुस्तकं पाठवू लागले. पार्सलांनी पलंगाखालची जागा भरली, मग पलंगावर अतिक्रमण सुरू झालं. भाऊजी म्हणाले, "मी कुठं झोपायचं, तेही एकदा तुझ्या लोकांना विचारून घे."

वाचन कधी बदललं, ते तिचं तिलाही नेमकं सांगता येत नाही. आधी ती वाचून लिहायची. मग लिहायचं म्हणून वाचू लागली. पान उलटतानाच, यावर काय लिहिता येईल, हे डोक्यात फिरायचं. पुढं पुढं सुरुवातीची काही प्रकरणं आणि मागचं कव्हर एवढ्यावर भागू लागलं. कोणाला कळणार होतं? मला विचाराल तर मलाही कळलं नव्हतं, आणि मी तिच्या शेजारच्याच गल्लीत राहते.

कळायची वेळ आली ती अशी. एका दुपारी एक वयस्क बाई तुटलेली कवळी रुमालात बांधून थेट वर आल्या. त्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद होता, म्हणून तिथल्या माणसानं हा पत्ता दिला होता. त्या निवृत्त नर्स होत्या. आत येऊन त्यांनी खिडकीकडं पाहिलं, मग थोरलीकडं.

"पुस्तकांचं लिहिता त्या तुम्हीच का?"

थोरली हो म्हणाली. दात नसल्यामुळं बाईंचे शब्द थोडे पसरट येत होते.

"मग बरं झालं. मला कधीपासून एक विचारायचंय. ते दोन भावांचं पुस्तक, नदीवर होडी चालवतात ते. तुम्ही लिहिलं होतं, शेवट वाचताना श्वास अडकतो. म्हणून मी आणलं. शेवटी धाकटा इतक्या वर्षांनी परत येतो, होडीत बसतो आणि थोरला त्याच्याकडून भाडं घेतो. तर तो ओळखून घेतो की न ओळखता? मी दोनदा वाचलं. माझं काही ठरेना."

थोरलीनं ते पुस्तक धाकटा घर सोडतो तिथपर्यंत वाचलं होतं. वेळ मारून नेता आली असती. "ते वाचकावर सोडलंय," एवढं म्हणून भागलं असतं; ते वाक्य तिच्या तोंडावरही आलं होतं. पण बाई खुर्चीच्या कडेला बसून उत्तराची खरोखर वाट पाहत होत्या.

"शेवटपर्यंत वाचलं नाही मी," थोरली म्हणाली.

"मग लिहिलं कसं?"

"लिहिलं खरं."

बाई रागावल्या नाहीत. "बरं," त्या म्हणाल्या, "आणि दात कधी मिळतील?"

हे तिनं मला कामावरून परतल्यावर सांगितलं, तेव्हा मी हसले. ती हसली नाही. त्याच संध्याकाळी तिनं पार्सलांच्या ढिगातून ते पुस्तक उपसून काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मधला भाग तिला कंटाळवाणा वाटला. शेवटाला श्वास वगैरे अडकला नाही, पण पुस्तक मिटल्यावर तिनं शेवटचं प्रकरण पुन्हा उघडून वाचलं. बाई कवळी न्यायला आल्या, तेव्हा ती म्हणाली, "ओळखून घेतलं."

"कशावरून?"

"इतरांना तो हात देऊन उतरवतो. याला देत नाही."

"तो म्हातारा झालाय. राहिलं असेल," बाई म्हणाल्या. कवळी बसवून त्यांनी आरशात पाहिलं आणि विषय पुढं चालूच ठेवला. दोघींचं एकमत झालं नाही.

त्यानंतर थोरलीनं फोनवर खरं काय ते लिहून टाकलं. गेल्या वर्षी आवडली म्हणून सांगितलेल्या पुस्तकांपैकी निम्मीसुद्धा पुरी वाचली नव्हती, ज्यांनी माझ्या शब्दावर विकत घेतली त्यांची माफी मागते, असं. तिला वाटलं होतं, लोक फाडून खातील. काहींनी फाडलंही. पण बाकीच्यांनी डोक्यावर घेतलं. काय हा प्रामाणिकपणा, असं धाडस हवं, वगैरे. कोणत्याही पुस्तकाला मिळाली नव्हती एवढी वाहवा त्या माफीला मिळाली. एका प्रकाशकाचा फोन आला, "प्रामाणिक वाचनावर आमच्यासाठी काही लिहाल का?"

"मी चोर आहे म्हटलं, तर लोक मला पोलीस करायला निघालेत," ती मला म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं खातं बंद केलं. चिडून नाही, दुकानाचं शटर ओढावं तसं.

मला वाटलं, आता ही पुन्हा पूर्वीसारखी वाचेल. तसं काही झालं नाही. बरेच महिने तिला वाचताच येईना. पुस्तक उघडलं की अंगठा आपोआप फोन शोधायचा. फोनवर काही नसायचं, तरी शोधायचा. ती चिडचिडी झाली. भाऊजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या बहिणीला ते परत चालू करायला सांग. निदान जेवताना तरी गप्प असायची." मी सांगितलं नाही.

मग तिनं पार्सलं वाटायला काढली. काही वाचनालयात गेली, काही दातांच्या डॉक्टरांच्या बाकाजवळ, जिथं लोकांना वाट पाहावी लागते. त्या उचलाउचलीत एक जाडजूड कादंबरी भाऊजींच्या हाती लागली. कव्हरवर उंच इमारत होती, म्हणून त्यांनी उघडून पाहिली, यात लिफ्टबद्दल काय लिहिलंय ते बघायला. लिफ्ट चौथ्या प्रकरणात बंद पडते आणि लेखकानं ती चुकीची बंद पाडली होती. पुढं दुरुस्त तरी नीट करतो का, हे पाहायला ते वाचत राहिले.

त्यांना ते पुस्तक पुरं करायला जवळजवळ अर्धं वर्ष लागलं. या काळात आम्हा सगळ्यांना त्यातल्या माणसांचे रोजचे हालहवाल ऐकावे लागले. थोरलीनंही ते वाचायला घेतलं, आधी भाऊजींची चूक काढायला, मग तसंच. एकच प्रत, दोन खुणा. ते पुढं गेले की ती म्हणायची, सांगू नकोस.

यंदा वर्षअखेरीला मी त्यांच्याकडं गेले होते. चहा घेताना विचारलं, "मग, यंदाचं आवडतं पुस्तक कुठलं?"

"ह्याच्या लिफ्टचं," थोरली म्हणाली. "आणि दुसरं अजून वाचतेय."

"ते चांगलं आहे?"

"संपलं की सांगते," ती म्हणाली.

भाऊजी म्हणाले, "लिफ्टवालं चांगलं नाहीये. फक्त सोडवत नाही."